घरच्या माणसाचं माप

टाचणीबाईंना हे नाव पडलं ते तोंडात टाचण्या धरून बोलायच्या सवयीमुळे. ओठांत सहा टाचण्या असताना त्या समोरच्याला झापू शकत आणि समोरच्याला शब्द न् शब्द कळत असे. नाटकगृहाच्या कपडेपटात त्यांनी सोळा वर्षं काढली. ते काम सोडून बावीस वर्षं झाली, तरी नाव काही सुटलं नाही. आता त्या घरी पडदे शिवत, पँटी आखूड करून देत, उशांचे अभ्रे करत. कुणी विचारलं, ‘एवढा हात असताना अभ्रे कसले शिवता?’ तर म्हणत, ‘अभ्रा उसवला तरी हजार माणसं बघत नाहीत.’ विचारणारा हसे. त्या मात्र हसत नसत.

मंगळवारी दुपारी त्यांची भाची एक चपटं खोकं घेऊन आली. खोकं सायकलच्या चाकाएवढं होतं आणि तीन जिने चढून पोरीला धाप लागली होती. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची एकुलती एक, एकोणीस वर्षांची, बॅलेच्या शाळेत शेवटच्या वर्षाला. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी ती पहिल्यांदा रंगमंचावर एकटी नाचणार होती.

“मावशी, आईने पाठवलंय. नीट करून देशील का विचारलंय.”

“ती स्वतः का नाही आली?”

“तिचा छोट्यांचा वर्ग असतो ना.”

“बरं. उघड.”

भाचीने झाकण काढलं, वरचा कागद बाजूला केला आणि टाचणीबाई खुर्चीत बसल्या. आत पांढरट रेशमी चोळी होती, तिला जोडलेला बारा थरांच्या जाळीचा आडवा घेर होता, आणि चोळीची डावी बाजू बगलेपासून कमरेपर्यंत उघडी होती. ती कुणीतरी तीन मोठ्या पिना लावून कशीबशी धरली होती.

“हा मोडीत गेला होता,” त्या म्हणाल्या.

“नाही, आईच्या कपाटावर होता. नेहमीच. मला वाटलं तुला माहीत आहे.”

त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, घेर दोन्ही हातांनी खालून उचलला आणि पोशाख टेबलावर पसरलेल्या चादरीवर ठेवला.

“माप घ्यायचंय ना?” भाचीने कोट काढायला सुरुवात केली.

“काही नको. तुझ्या आईचं माप मला पाठ आहे, आणि तू तर तिच्याच अंगाची. सोमवारी ये, घालून बघू.”

भाची गेली. टाचणीबाई बराच वेळ पोशाखाकडे बघत राहिल्या. त्यातला टाका न् टाका त्यांनी घातला होता. बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हाच पोशाख घालून धाकटी नाचत होती. नाटकगृह भरलेलं, दुसरा अंक चालू. जोडीदाराने तिला उचललं, तिने दोन्ही हात वर केले आणि डावी शिवण उघडली. चोळी पुढे लोंबली. टाचणीबाईंचे यजमान त्याच नाटकगृहात दिवेवाले होते. त्यांनी वरच्या खोलीतून तत्काळ अंधार केला, पण लोकांना जे दिसायचं ते दिसून गेलं होतं आणि मागच्या रांगांत कुणीतरी हसलं होतं. विंगेत टाचणीबाईंनी बहिणीच्या अंगावर शाल टाकली. व्यवस्थापकाने विचारलं, हे काय झालं? धाकटी म्हणाली, “शिवण ताईची आहे, तिलाच विचारा.”

शिवण टाचणीबाईंचीच होती. बहिणीचा पोशाख म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला त्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी नेमकं काय झालं ते तपासायला त्या गेल्या, तर पोशाख जाग्यावर नव्हता. मोडीत गेला असं सांगण्यात आलं. त्यानंतर प्रत्येक शिवण तीनतीनदा ओढून बघावीशी वाटायला लागली. ज्याचा आपल्या हातावर विश्वास नाही त्याने कपडेपटात राहू नये, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि महिन्याभरात राजीनामा दिला. सगळे थांबा म्हणाले. त्या थांबल्या नाहीत.

बहिणी-बहिणींचं भांडण मात्र झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, निदान मिटलं तरी असतं. एकमेकींकडे येणं-जाणं होतं, आजारपणात डबे जात होते, फोन होत होते, पण सगळं जेवढ्यास तेवढं. नंतर तीन वर्षांनी धाकटीने नाच सोडला, तिला ही मुलगी झाली, ती छोट्या मुलांना शिकवायला लागली. त्या संध्याकाळचं नाव दोघींनी कधी काढलं नाही. आणि ‘आपला टाका सुटला’ हे एक वाक्य टाचणीबाई बावीस वर्षं उशाशी घेऊन झोपत आल्या.

पण काम समोर आलं की त्यांना विचार करायला वेळ नसे. पहिले दोन दिवस कपड्याचा जुना वास घालवण्यात गेले. असल्या पोशाखाला पाणी लावायचं नाही हा पहिला नियम. पाण्याने जाळीची खळ जाते आणि घेर शिळ्या पालेभाजीसारखा मान टाकतो. त्यांनी स्पिरिट आणि पाणी सारखं घेऊन फवाऱ्याच्या बाटलीत भरलं, आतल्या कोपऱ्यात एक थेंब टाकून रंग उतरत नाही ना बघितलं, आणि चोळी उलटी करून अस्तरावर फवारलं. बगला पिवळ्या पडल्या होत्या, त्या मऊ ब्रशने थोड्या थोड्या करत उजळल्या. निघालेल्या टिकल्या बशीत गोळा केल्या. काळ्या पडलेल्या जरीला हातच लावला नाही. घासलं की राहिलीसाहिली चमकही जाते. मग जाळीला लांबून वाफ दिली आणि थर मोकळे व्हावेत म्हणून सगळा पोशाख बैठकीच्या दारावरच्या खिळ्याला उलटा टांगला.

यजमान बाहेरून आले आणि दारात थबकले. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण अजूनही खोलीत शिरलं की आधी दिव्याकडे बघायची सवय होती.

“घरात वटवाघूळ आलंय,” ते म्हणाले.

“खाली वाकून या आणि गप्प बसा.”

“कुणाचं आहे हे?” असं विचारता विचारता त्यांनी ओळखलं. मग ते खरोखरच वाकून आत आले आणि खरोखरच गप्प बसले. यजमानांना गप्प बसवणं ही सोपी गोष्ट नव्हती.

तिसऱ्या दिवशी टाचणीबाईंनी शिवणीकडे मोर्चा वळवला. डाव्या बाजूकडे बघायचं त्यांच्याने होईना, म्हणून त्यांनी उजवी बाजू आधी घेतली. ती शाबूत होती, पण बावीस वर्षांचा दोरा बदलायलाच हवा. त्यांनी चोळी उलटी केली आणि शिवणीचं टोक बोटाने चाचपलं.

बोटाला गाठ लागली.

त्यांनी पुन्हा चाचपलं. गाठच होती. कपडेपटात कुणी गाठ मारत नाही. गाठ अंगाला टोचते, नाचताना तर सोलूनच काढते. तिथे दोरा सुरू करायचा तो एकाच जागी तीन बारीक टाके घालून. टाचणीबाईंनी आयुष्यात गाठ मारली नव्हती, अभ्र्यालासुद्धा नाही.

त्या पोशाख घेऊन खिडकीशी गेल्या. दोरा जाड होता, विटक्या गुलाबी रंगाचा. तो कपडेपटातला नव्हताच. तो बुटांच्या फिती शिवायचा दोरा होता. बॅले नाचणारी प्रत्येक मुलगी आपल्या बुटांच्या फिती स्वतः शिवते, त्याला कपडेपट हात लावत नाही. पुष्कळ जणींना शिवणकामातलं येतं तेही तेवढंच. टाके लांब लांब होते आणि त्यांचा कल उलटा होता, डाव्या हाताने घातल्यासारखा. धाकटी डावरी होती.

या शिवणीपासून बोटभर आत भोकांची एक सरळ, बारीक रांग होती. ती टाचणीबाईंची शिवण. कुणीतरी ती उसवली होती आणि आत राखलेली सगळी माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, वापरून नवी शिवण अगदी काठावर घेतली होती, कडेपासून जेमतेम चार धाग्यांवर. मग त्यांनी डावी बाजू बघितली. पिना काढल्या. तिथेही तोच गुलाबी दोरा लोंबत होता, अख्खा, आणि त्याला कापडाचे तुटके धागे चिकटले होते. दोरा तुटलाच नव्हता. कापड फाटलं होतं.

टाचणीबाई पाणी प्यायल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. त्यांना आनंद झाला होता. खोटं कशाला सांगायचं, बहिणीची चोरी सापडल्यावर आधी जे वाटलं तो आनंदच होता. टाका सुटला नव्हता. हात चांगला होता, तेव्हाही आणि नंतरची सगळी वर्षंही. मग त्या वर्षांचा हिशेब मनात आला आणि असा संताप आला की हातातली सुई त्यांनी खाली ठेवली, कारण रागाने शिवलेलं वाकडं जातं.

“हे बघा,” त्यांनी यजमानांना बोलावलं. “हा टाका बघा. माझा आहे का?”

यजमानांना टाक्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोच्या चेहऱ्यावरून ते समजले. “नाही,” ते म्हणाले.

“तिने उसवून सैल केलं. आणि नाव माझं घेतलं. वड्याचं तेल वांग्यावर! मी तिथून उठून घरी आले आणि ही बया गप्प राहिली. पोशाख पळवून कपाटावर ठेवला, वर मोडीत गेल्याचं सांगितलं.”

“तिने वाईट केलं,” यजमान म्हणाले. त्यांनी पोशाखाकडे परत एकदा बघितलं. “पण तिने चोळी सैल कशाला केली?”

“मला काय माहीत? अंग सुटलं असेल.”

“तेव्हा? अगं, तेव्हा ती पंख्यासमोर उभी राहिली असती तर उडाली असती.”

“मग नखरा असेल. तुम्ही चहा टाका.”

ते चहा टाकायला गेले आणि टाचणीबाई कामाला लागल्या. फाटक्या कडांना आतून बारीक जाळीचं अस्तर दिलं, दोन्ही शिवणी आपल्या जुन्या भोकांच्या रेषेवर आणल्या आणि मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने उलट टीप घातली, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. पाठीचे हूक नवे लावले. इतर पोशाखांना हुकांच्या दोन-तीन रांगा असतात, कारण एक पोशाख चार जणींना घालावा लागतो. याला एकच रांग होती. हा फक्त बहिणीसाठी शिवलेला, दुसरी रांग लावायचं कारणच नव्हतं. शिवता शिवता त्यांनी मनात एक भाषणही तयार केलं. ते रविवारपर्यंत इतकं नेटकं झालं की त्यात एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय राहिली नाही.

सोमवारी भाची आली. टाचणीबाईंनी तिला पोशाख चढवला, मागे उभ्या राहून हूक लावले. अकरा हूक. शेवटचे तीन लावताना जरा जोर करावा लागला. मग त्या मागे सरकल्या आणि बघत राहिल्या. अंगावर ओतल्यासारखी चोळी बसली होती, कुठे सुरकुती नाही. आरशात धाकटीच उभी आहे असं वाटावं.

“काय म्हणतेस?”

“छान. मावशी.”

“हात वर कर. गिरकी घे.”

भाचीने हात वर केले, एक गिरकी घेतली. बैठकीत जागा ती केवढी, पण तिने नेमकी घेतली. घेर कपाटाला न लागता फिरला. यजमानांनी टाळ्या वाजवल्या.

“घट्ट नाही ना होत?”

“नाही. चालेल.”

एरवी ही मुलगी जिना चढताना सुरू झालेलं वाक्य तिसऱ्या मजल्यावर संपवायची. आज एकेक शब्द तोडून देत होती. टाचणीबाई जवळ गेल्या. पोरीची मान ताणलेली होती, गळ्यापाशी खळगा पडला होता आणि श्वास फक्त वरच्या वर चालला होता.

“चालेल म्हणजे काय? होतंय की नाही होत?”

“खरंच चालेल. आई म्हणाली होती...” ती थांबली, थोडी हवा घेतली. “मावशीला घट्ट-सैल सांगत बसू नकोस. तिचं बरोबरच असतं.”

टाचणीबाईंनी पाठीमागे जाऊन अकराच्या अकरा हूक काढले. भाचीने असा श्वास घेतला, जणू पाण्याखालून वर आली. तिच्या पाठीवर शिवणींचे दोन लाल वळ उठले होते.

“टेप दे ती,” त्या म्हणाल्या. “हात वर. श्वास भर. पूर्ण भर.”

माप जुन्या मापापेक्षा तीन बोटं जास्त भरलं.

कपडेपटात माप घ्यायचं ते श्वास भरून, हात वर करवून, आणि दर हंगामाला नव्याने. नाचणाऱ्या मुलीचं वजन तसूभरही न वाढता तिची पाठ आणि बरगड्या वर्षागणिक रुंद होतात. एवढा श्वास घ्यायचा तर त्याला जागा लागते. गेल्या वर्षीच्या मापावर शिवणारा शिंपी आणि गेल्या वर्षीच्या चहावर तहान भागवणारा माणूस सारखेच, असं टाचणीबाई नव्या मुलींना सांगत. तीन मुलींना हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

भाचीला ‘परवा ने’ म्हणून त्यांनी घरी पाठवलं. मग कपाटातून मापांची वही काढली. काम सोडताना कपडेपटातून त्यांनी एवढी एकच वस्तू आणली होती, तीही आतलं सगळं अक्षर त्यांचंच म्हणून. वहीत प्रत्येक नाचणाऱ्याचं एक पान होतं, आणि प्रत्येक पानावर एकाखाली एक वर्षं, पाच, सात, नऊ ओळी. त्यांनी बहिणीचं पान उघडलं. त्यावर एक ओळ होती. धाकटी कपडेपटात पहिल्यांदा आली तेव्हाची, सतराव्या वर्षीची. पोशाखाची शिवण उघडली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

खाली सगळं पान कोरं होतं.

टाचणीबाईंना आपण काय म्हणायचो ते लख्ख आठवलं. हिचं काय माप घ्यायचं? घरचीच तर आहे, डोळे मिटून शिवेन. हे त्या कौतुकाने म्हणत. मग आणखीही आठवलं, आणि ते आठवायला नको होतं. त्या पोशाखाच्या वेळी धाकटी म्हणाली होती, ताई, जरा आवळतंय. त्या म्हणाल्या होत्या, आवळणारच, पोतं घालून नाचायचंय का? ती दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कपडेपटात सातआठ जणी होत्या आणि टाचणीबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या न काढता त्या म्हणाल्या होत्या, “नाचता येईना, अंगण वाकडं.” सगळ्या हसल्या होत्या. चौथ्यांदा धाकटी काही म्हणाली नाही.

यजमान दारात उभे होते. त्यांनी वहीत डोकावून बघितलं.

“दिव्याखाली अंधार,” ते हळूच म्हणाले.

“माहीत आहे,” टाचणीबाई म्हणाल्या. “सगळ्यांची मापं घेतली. विंगेत झाडू मारणाऱ्या बाईच्या एप्रनचंसुद्धा घेतलं.”

यजमान शेजारी बसले. त्यांना विनोद सुचला असावा, पण तो त्यांनी गिळला.

संध्याकाळी टाचणीबाईंनी बहिणीला फोन केला. “बुधवारी पोशाख न्यायला तू ये. पोरीला पाठवू नकोस.”

धाकटी म्हणाली, “आतून बघितलंस ना?”

“बघितलं.”

“येते.”

फाटक्या काठात आता सोडायला कापड उरलं नव्हतं. म्हणून मंगळवारी टाचणीबाईंनी दोन्ही शिवणी पुन्हा उसवल्या, तशाच पांढरट रेशमाच्या दोन लांबट पट्ट्या, म्हणजे कळ्या, कापल्या आणि बगलेखाली बसवल्या. बुधवारी सकाळी पाठीला हुकांची दुसरी रांग लावली. घेराच्या थरांना लांब, सैल टाके घालून ते एकमेकांना बांधले आणि निसटलेल्या टिकल्या जागच्या जागी बसवल्या. दुपारी पोशाख तयार होता.

धाकटी आली ती जिन्यातच जरा थांबली असावी, कारण घंटी वाजायला वेळ लागला. सत्तेचाळीस वर्षांची, केस बारीक कापलेले, पाठ अजून ताठ. तिने चप्पल काढली, टेबलापाशी गेली आणि पोशाखाला पुढून न बघता सरळ उलटा करून आतली बाजू बघितली.

“कळ्या घातल्यास.”

“तिला श्वास पुरत नव्हता.”

धाकटीने मान हलवली. यजमान चहाचे कप ठेवून, दूध आणायचंय असं म्हणून बाहेर पडले. दूध घरात भरपूर होतं.

“तुला दिसणार हे मला माहीत होतं,” धाकटी म्हणाली. “म्हणूनच पाठवला. सांगायला तोंड नव्हतं.”

“बावीस वर्षं?”

“त्या दिवशी घाबरले आणि बोलून गेले. वाटलं, दोन दिवसांनी तुला एकटीला गाठून सांगते. पोशाख त्यासाठीच उचलला, कुणी बघायला नको म्हणून. तेवढ्यात तू राजीनामा दिलास. मग कसं सांगायचं? जेवढं लांबलं तेवढं अवघड होत गेलं.”

“मी राजीनामा दिला तेव्हा तू शेजारी उभी होतीस.”

“हो.”

“मला वाटत राहिलं, माझा हात गेला. मी आयुष्यभर उशांचे अभ्रे शिवले.”

“हो, ताई.”

धाकटी रडत नव्हती, सारवासारवही करत नव्हती. ठरवलेल्या भाषणातलं अजून निम्मं बाकी होतं, आणि ते खरंही होतं. पण टाचणीबाईंनी तिथेच थांबून वही पुढे सरकवली.

“मला राग आहे,” त्या म्हणाल्या. “तो आज जाणार नाही, आठवड्यातही जाणार नाही. पण हे बघ. तुझं माप मी सतराव्या वर्षी घेतलं. त्यानंतर आठ वर्षं घेतलंच नाही. पोशाख पहिल्या दिवसापासून लहान होता. तू तीनदा सांगितलंस आणि मी चारचौघींत तुझी थट्टा केली.”

धाकटीने पान बघितलं. एक ओळ वाचायला तिला फार वेळ लागला.

“मला वाटायचं मीच जाड होतेय,” ती म्हणाली. “मी तेव्हा एका वेळेचं जेवण सोडलं होतं. तरी बसेना, म्हणून उसवलं.”

हे टाचणीबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली. पंख्यासमोर उभी राहिली तर उडेल अशी ती पोर, आणि ती एक वेळ उपाशी राहात होती, ताईचं माप चुकूच शकत नाही असं समजून. त्यांनी टेप उचलली.

“उभी राहा.”

“कशाला? मी आता कुठे नाचते?”

“उभी राहा म्हटलं ना. हात वर.”

धाकटीने हात वर केले. सवयीने ते अजूनही डौलातच गेले. टाचणीबाईंनी पाठीमागून टेप फिरवून पुढे आणली.

“श्वास भर.”

तिने श्वास भरला. टाचणीबाईंनी टेप जुळवली, पण आकडा वाचला नाही. त्या बहिणीच्या तोंडाकडे बघत होत्या.

“आवळतंय का?”

“नाही, ठीक...” धाकटी थांबली. मग म्हणाली, “हो ताई. आवळतंय.”

टाचणीबाईंनी टेप बोटभर सैल केली, पुन्हा विचारलं, आणि ती ‘आता बरोबर’ म्हणाल्यावर वहीतल्या त्या एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिली.